डॅशबोर्डखालची लाल वायर

सापगावला, भातसेच्या पुलापासून थोड्या अंतरावर, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची स्टँडर्ड हेराल्ड बारा वर्षं उभी होती. गेल्या वर्षी भाताची कापणी आटोपली, शेडची वाट सुकली आणि मी तिच्यावरची ताडपत्री काढली. शहापूरला ट्रॅक्टर-टेम्पोंचं वायरिंग करणारा एक तरुण ओळखीचा आहे. त्याला बोलावलं, नवी बॅटरी बसवली. डॅशबोर्डखाली हात घातल्यावर बोटांना एक लाल वायर लागली. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती आणि ते टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. पोराने टेप सोडवली, उघडं टोक स्टिअरिंगच्या दांड्याला टेकवलं. चट्‌कन ठिणगी उडाली, पाठोपाठ जळका वास आला.

"काका, हिच्यात करंट हाय."

गाडीची चावी माझ्या खिशात होती. म्हणजे ही वायर चावीला विचारत नव्हती. मध्ये फ्यूज असता तर तो उडाला असता, तोही नव्हता. काकांच्या काळापासून ही जिवंत वायर केवळ दोन वेढे टेपच्या भरवशावर पायांशी लोंबत होती. तिचा शोध घेताना पुढचे चार रविवार गेले. एका वायरीच्या मागे निघालो आणि आणखी सहा अनोळखी वायरी सापडल्या. हा शोध कसा घ्यायचा ते इथे सविस्तर सांगतो, कारण अशा वायरी जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत असतात आणि बहुतेक जण त्यांच्यावर पुन्हा टेप गुंडाळून मोकळे होतात.

आधी गाडीविषयी. हेराल्ड दिसायला साधी कुटुंबाची गाडी, पण ती ब्रिटिश स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आहे. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती 1959 मध्ये बाजारात आणली. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने रेखाटलं होतं. हिचीच चासी आखूड करून 1962 मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी उघडी गाडी निघाली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून हेराल्ड बनवली, पुढे खास भारतासाठी तिला चार दारं दिली, आणि 1972 मध्ये तिचीच सुधारलेली आवृत्ती गॅझेल आली. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या दशकांत मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर स्पिटफायर किंवा एमजीसारखी स्पोर्ट्स कार क्वचितच दिसे, हेराल्ड मात्र दिसे. वायरिंगच्या बाबतीत ही सगळी एकाच गोत्रातली. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची विजेची साधनं आणि लुकासचेच वायरींचे रंग. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसडरही त्यातलीच. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते एमजीलाही लागू आहे आणि गल्लीतल्या अँबॅसडरलाही.

आमच्या भागात भातखाचरात पाणी कुठून येतं हे शोधायचं असेल तर माणूस पाटाच्या काठाने चालत जातो. मोरी बंद करतो, कुठलं खाचर सुकतं ते बघतो. वायर शोधणं तसंच आहे, फक्त एक फरक लक्षात ठेवायचा. पाणी खाचरात जिरून गेलं तरी चालतं. वीज मात्र जिथून निघाली तिथे, म्हणजे बॅटरीकडे, परत आलीच पाहिजे. जाताना ती तांब्याच्या वायरीतून जाते आणि येताना गाडीच्या लोखंडी अंगातून येते. या परतीच्या वाटेला आपण अर्थ म्हणतो. तेव्हा कुठल्याही वायरीला चार प्रश्न विचारायचे. तू निघालीस कुठून? वाटेत कुठला स्विच आहे? काम कसलं करतेस? परत कुठून जातेस? चारही उत्तरं मिळाली की वायर ओळखीची झाली. एक जरी राहिलं तरी तिला कापू नये, जोडू नये.

आता पहिलं काम, आणि हे आम्ही पहिल्या दिवशी केलं नाही म्हणूनच ती ठिणगी उडाली. बॅटरीचं अर्थचं टोक सोडवून ठेवायचं. सोडवताना नेहमी अर्थचंच आधी आणि जोडताना तेच शेवटी. कारण साधं आहे. अर्थच्या नटावर पाना असताना तो चुकून बॉडीला लागला तरी काही होत नाही. करंटच्या टोकावर पाना असताना लागला तर पाना लाल होतो. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवावं.

त्याच वेळी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला गेलंय ते नीट बघावं. आजच्या सगळ्या गाड्यांत ऋण टोक बॉडीला असतं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत मात्र धन टोक बॉडीला होतं. एमजीबीसारख्या लोकप्रिय गाडीतही हा बदल 1967 च्या मार्क टू मॉडेलपासून झाला. आमची हेराल्ड जुन्या पद्धतीची निघाली. साध्या बल्बला याने फरक पडत नाही. मीटरवर आकड्याआधी उणे चिन्ह येतं, त्याला घाबरायचं नाही. पण मोबाइल चार्जर, रेडिओ किंवा एलईडीचं काही जोडाल तर ते क्षणात जळेल.

दुसरी तयारी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य आहे. ब्रेक लाइटचा 12 व्होल्ट, 21 वॉटचा एक बल्ब घ्यावा, होल्डरला दोन वायरी आणि दोन चिमटे लावावेत. बॅटरीच्या करंटच्या टोकावरची जाड वायर सोडवून, टोक आणि वायर यांच्यामध्ये हा बल्ब मालिकेत जोडायचा. मग अर्थ जोडायचा. आता गाडीला मिळणारी सगळी वीज या बल्बातून जाणार आणि तो पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच देणार नाही. गाडीत कुठे सरळ शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, इतकंच. वायर तापणार नाही, धूर निघणार नाही. बल्ब विझलेला असेल तर कुठेच काही खेचत नाहीये. मंद पेटला असेल तर कुठेतरी काहीतरी चालू आहे. त्या पोराला हे इतकं आवडलं की आता तो शहापुरात ट्रॅक्टरलाही हाच बल्ब लावून बघतो.

यानंतर कागद. मूळ गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळवावा, तो मोठा करून छापून घ्यावा आणि जी वायर तपासून झाली तिच्यावर रंगीत पेन्सिल फिरवावी. नकाशावर आहे आणि गाडीत नाही, किंवा गाडीत आहे आणि नकाशावर नाही, अशा वायरींची वेगळी यादी करावी. आपल्याला खरं काम आहे ते या यादीवर.

लुकासचे रंग एकदा समजले की नकाशा वाचायला मजा येते. मूळ रंग म्हणजे आडनाव आणि त्यावरची बारीक पट्टी म्हणजे नाव. तपकिरी आडनावाची वायर थेट बॅटरीकडून येते, चावी असो वा नसो तिच्यात करंट असतो. पांढरी चावीनंतर जिवंत होते आणि इग्निशन कॉइलकडे जाते. हिरवी चावीवरच चालते, पण इतर कामांसाठी: वायपर, ब्रेक लाइट, पेट्रोलचा काटा. जिथे फ्यूज असतात तिथे ती फ्यूजनंतरची असते. जांभळी फ्यूजमधून पण कायम जिवंत, हॉर्न आणि आतल्या दिव्यासाठी. निळी हेडलाइटची, लाल पार्किंग आणि मागच्या दिव्यांची, काळी अर्थची. आता नावं बघा. निळ्यावर पांढरी पट्टी म्हणजे अपर, निळ्यावर लाल पट्टी म्हणजे डिपर. हिरव्यावर जांभळी पट्टी म्हणजे ब्रेकच्या स्विचकडून दिव्याकडे जाणारी. हिरव्यावर लाल म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवा. पांढऱ्यावर लाल पट्टीची वायर सेल्फच्या सोलेनॉइडकडे जाते, पांढऱ्यावर तपकिरीची ऑइलच्या दिव्याकडे. नुसत्या आडनावाची वायर बहुधा स्विचपर्यंत येते आणि पट्टीवाली स्विचनंतर पुढे जाते, हेही ध्यानात ठेवावं. अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

इतकी शिस्तशीर पद्धत असूनही इंग्लंडमधले गाडीप्रेमी लुकासला अंधाराचा राजपुत्र म्हणत आले, कारण त्यांच्या गाड्यांचे दिवे वाटेत जात. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. मी ज्या जुन्या गाड्या बघितल्या त्यांत दोष वायरीत फार कमी वेळा होता. तो होता जोडांत, अर्थमध्ये आणि पुढे कोणीतरी घाईत केलेल्या दुरुस्तीत.

आपल्याकडे ही घाईची दुरुस्ती हाच मुख्य प्रश्न आहे. वायर तुटली, गाडी रस्त्यात उभी राहिली, जवळच्या दुकानात जी वायर होती ती टाकली. दुकानात लाल असेल तर लाल, काळी असेल तर काळी. त्या माणसाने त्या दिवशी गाडी चालू करून दिली, त्याचे उपकारच. पण तीस वर्षांनी ती वायर बघणाऱ्याला रंग खोटी माहिती देतो. म्हणून माझा नियम असा आहे: कारखान्यातून आलेल्या वायरीच्या रंगावर विश्वास ठेवावा, नंतर टाकलेल्या वायरीच्या रंगावर अजिबात ठेवू नये. दोन्ही ओळखायच्या कशा? मूळ वायर जुडग्यात बांधलेली असते, तिच्या टोकाला पितळी गोळीचा जोड असतो, जो नळीत दाबून बसवतात. नंतरची वायर जुडग्याच्या बाहेरून धावते आणि पीळ देऊन, टेप लावून जोडलेली असते. शंका आली तर टोकाला आतल्या तारा मोजा. त्या काळच्या मूळ वायरींत साध्या दिव्यांसाठी 14 तारा, जास्त भारासाठी 28, आणि डायनमोकडच्या जाड वायरीत 44 तारा असत. बाजारातल्या वायरीत हा हिशेब जमत नाही.

उन्हाने आणि तेलाने मूळ रंगही उडतात. हिरवी पिवळट दिसते, जांभळी तपकिरी दिसते. अशा वेळी वायर जिथे क्लिपखाली किंवा रबरी नळीत झाकलेली आहे, तिथे साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून बघावी. तिथे रंग जिवंत असतो.

आता मीटर. इथे नवशिका माणूस हमखास फसतो, मीही फसलो होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. बॅटरी सोडवून, मीटर कंटिन्युइटीवर ठेवून, एक टोक अनोळखी वायरीला आणि दुसरं बॉडीला लावलं. मीटर टीं टीं वाजला. निष्कर्ष काय काढला? वायर बॉडीला शॉर्ट आहे. मग शॉर्ट शोधत दुपार गेली. शॉर्ट नव्हताच. वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक धडधाकट बल्ब होता. 21 वॉटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे सात ओम असतो, पण थंड असताना तो जवळजवळ दहावा हिस्सा उरतो. एक ओमाहून कमी रोध मीटरला सरळ जोड वाटतो आणि तो वाजतो. म्हणून तपासणीआधी गाडीतले सगळे बल्ब काढून एका डब्यात ठेवायचे, कुठला कुठून काढला ते लिहायचं. हॉर्न आणि कॉइल यांच्या वायरीही सोडवायच्या, त्यांचाही रोध काही ओमांचाच असतो. बल्ब काढल्यावरही मीटर वाजला तर ती वायर खरंच बॉडीला लागलेली आहे.

बल्ब काढून ठेवण्याचा दुसरा फायदा असा की मग एकेक परत लावत शोध घेता येतो. मागचा डावा बल्ब लावला आणि डॅशबोर्डखालची अमुक वायर वाजू लागली, तर त्या दोघांची गाठ सापडली. दहा फूट लांबीच्या वायरीमागे रांगत जायची गरज पडत नाही.

मीटरने व्होल्टेज बघतानाही एक फसवणूक आहे. मीटर नगण्य करंट घेतो, त्यामुळे एका धाग्यावर तगलेला, आतून सडलेला जोडसुद्धा त्याला पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. दिवा लावला की तेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून मीटरबरोबर टेस्ट लाइट, म्हणजे तपासणीचा बल्बही हवा. तो खरा भार टाकतो. मीटर 12 दाखवतो आणि टेस्ट लाइट पेटत नाही, तर समजायचं की वाटेत जोड खराब आहे. जिथे पेट्रोलच्या काट्यासाठी स्मिथ्सचा स्टॅबिलायझर बसवलेला असतो, तिथे डिजिटल मीटरचे आकडे उड्या मारतात. स्टॅबिलायझर करंट सतत चालू-बंद करून सरासरी 10 व्होल्ट देतो, त्यामुळे ते बिघाडाचं लक्षण नाही.

हॉर्नची वायर वेगळ्या कारणाने चकवते. पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत हॉर्नचं बटण करंटच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतं. करंट आधी हॉर्नमधून येतो आणि बटणापाशी थांबतो. बटण दाबलं की त्याला बॉडीची वाट मिळते. ऑइलचा दिवा आणि दाराचा दिवाही असेच. त्यामुळे बटणाकडची वायर मीटरवर जिवंत दिसते, आणि माणसाला वाटतं की ही बॅटरीकडून येणारी मुख्य वायर. तिच्यावर पंखा जोडला तर पंखा फिरत नाही, हॉर्न मात्र घरघरतो.

आमच्या सात अनोळखी वायरींपैकी चार किरकोळ होत्या. एक जुन्या फॉगलाइटची, एक तुटलेल्या वायपरच्या दुरुस्तीत राहून गेलेली, दोन टोकांना कशालाच न लागलेल्या. तीन मात्र सांगण्यासारख्या आहेत.

पहिली इंजिनाशेजारी, मळकट पांढरी, टोक सुटलेलं. क्लिपखाली पुसल्यावर तपकिरी पट्टी दिसली. म्हणजे ऑइलचा दिवा. खात्री करायला मालिकेतला बल्ब लावून चावी फिरवली आणि वायरीचं टोक इंजिनाला टेकवलं. डॅशवरचा दिवा पेटला, उचललं तर विझला. तिची जागा इंजिन ब्लॉकवरच्या ऑइलच्या स्विचवर होती. दहा मिनिटांचं काम, कारण वायर मूळची होती आणि रंग खरा होता. पण याच सुटलेल्या वायरीमुळे काकांच्या शेवटच्या काळात ऑइल कमी झालं असतं तरी दिवा लागला नसता.

दुसरी डिकीत, काळी. पोराने विचारलं, "काका, काळी हाय म्हणजे अर्थच ना?" आणि ती बॉडीच्या स्क्रूला जोडून टाकली. नंतर चावी फिरवून ब्रेक दाबला तर बॅटरीजवळचा 21 वॉटचा बल्ब झगझगीत पेटला. काळी वायर अर्थची नव्हती. कोणीतरी डाव्या ब्रेक लाइटची तुटलेली वायर बदलताना काळी टाकली होती. मालिकेत बल्ब नसता तर पूर्ण बॅटरीचा करंट ब्रेकच्या स्विचमधून आणि त्या बारीक वायरीतून गेला असता, आणि ती सीटखालून, गालिच्याखालून गेलेली होती. आमच्या हेराल्डमध्ये मूळचा एकही फ्यूज नव्हता. एमजीएमध्ये फक्त दोन असत. अशा गाडीत चुकीचा एक जोड आग लावायला पुरतो.

तिसरी ती लाल. तिचं एक टोक हातात होतं, दुसरं डॅशबोर्डमागच्या जुडग्यात शिरून दिसेनासं होत होतं. ओढून बघायचा मोह होतो, पण तो टाळावा. ओढल्याने साठ वर्षांचं इन्सुलेशन आत फाटतं आणि एका शोधाचे दोन होतात. सुई टोचून मध्येच करंट बघणंही मी बंद केलंय. आपल्याकडचा पावसाळा त्या सुईच्या छिद्रातून आत शिरतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसं तांबं आतून हिरवं पडतं, बाहेरून काही दिसत नाही.

तेव्हा आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या पेटीतलं छोटं होकायंत्र आणलं. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ऑर्स्टेडने 1820 मध्ये दाखवून दिलं होतं की वायरीतून करंट गेला की शेजारच्या होकायंत्राची सुई वळते. तेच इथे कामी येतं. मालिकेतला बल्ब काढून तिथे 5 अँपिअरचा फ्यूज लावला. लाल वायरीच्या टोकाला 21 वॉटचा बल्ब जोडला, बल्बचं दुसरं टोक पोराच्या हातात दिलं आणि त्याला सांगितलं, बॉडीला टेकव, उचल, टेकव, उचल, ठेका धरून. मी होकायंत्र जुडग्याच्या अंगावरून एकेक इंच सरकवत गेलो. वायरीपासून एका सेंटिमीटरवर पावणेदोन अँपिअर करंटचा जोर आपल्या भागातल्या पृथ्वीच्या आडव्या चुंबकत्वाच्या जवळपास येतो, त्यामुळे सुई स्पष्ट डुलते. लोखंडी बॉडीमुळे ती भलतीकडे वळलेली असते, ते मनावर घ्यायचं नाही. दिशा बघायची नाही, ठेका बघायचा. पोर टेकवेल तेव्हा सुई हलली की वायर इथे आहे. हलायची थांबली की आपण वाट चुकलो.

सुई डॅशमागून उजवीकडे गेली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या छिद्रातून बाहेर आली, आणि कटआउटपाशी पोचली. कटआउट म्हणजे डायनमोचं चार्जिंग सांभाळणारी लुकासची काळी पेटी. तिच्या ए या टर्मिनलवर तपकिरी वायर असते, तीच बॅटरीची मुख्य वाट. त्या तपकिरी वायरीचं इन्सुलेशन टर्मिनलपासून वीतभर अंतरावर सोललेलं होतं, आणि तांब्याभोवती लाल वायरीचा पीळ दिलेला होता. वर टेप, टेपवर ग्रीस. डॅशबोर्डला उजव्या बाजूला दोन छिद्रं होती, ती मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिथे काकांनी एके काळी कॅसेट प्लेअर बसवला होता. प्लेअर गेला, वायर राहिली, आणि तिच्यात रात्रंदिवस करंट राहिला.

अशी वायर सापडली तर टोकाला टेप लावून समाधान मानू नये. ती उगमापाशी, म्हणजे जिथे जोडली तिथेच, सोडवावी. तपकिरी वायरीचा सोललेला भाग नीट झाकावा. पुढे ती उपयोगात आणायची असेल तर उगमाच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा. फ्यूज शेवटाला बसवला तर मधल्या सगळ्या वायरीला तो वाचवत नाही.

अर्थबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण हेराल्डची खरी दुखरी जागा ती आहे. तिची बॉडी एकसंध नाही. वेगवेगळे भाग बनवून ते बोल्टांनी एकमेकांना आणि चासीला जोडलेले आहेत. प्रत्येक जोड म्हणजे परतीच्या वाटेवरचा एक पूल. भातसेला पूर आला की आमचा सापगावचा पूल बंद होतो आणि शहापूरला जाणारी माणसं लांबच्या वाटेने निघतात. वीजही तेच करते. मागच्या दिव्याचा अर्थ गंजला की त्याचा करंट शेजारच्या बल्बातून परतीची वाट काढतो. मग उजवा इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा डोळे मिचकावतो, ब्रेक दाबला की दुसरंच काहीतरी मंद पेटतं. हे भूत वाटतं, पण हे फक्त गंजलेल्या बोल्टचं काम आहे. तपासायला दिवा लावून ठेवावा, मीटर व्होल्टवर ठेवावा, एक टोक दिव्याच्या होल्डरच्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. चांगल्या अर्थमध्ये व्होल्टचा एक-दोन दशांशापलीकडे आकडा येत नाही. अर्धा व्होल्ट आला तर बोल्ट सोडवून, पॉलिश पेपरने घासून, व्हॅसलिन लावून परत आवळावा.

बॉनेटचंही बघावं. हेराल्ड आणि स्पिटफायर दोघींचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढच्या बाजूला उलटतं. पुढचे दिवे त्यावरच बसलेले, त्यामुळे दर उघडझापीत त्यांच्या वायरी वाकतात. बाहेरचं आवरण ठीक दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. बॉनेट हळूहळू वर-खाली करत टेस्ट लाइट बघावा. कुठल्याशा कोनात तो विझला तर वायर तिथेच तुटली आहे.

शेडमध्ये उंदीर होते. इंजिनापाशी त्यांनी दोन वायरी कुरतडल्या होत्या, त्या बदलल्या. एवढंच.

जी वायर ओळखली तिच्या दोन्ही टोकांना आम्ही लगेच चिठ्ठी लावली. कागदाची नाही, ती पहिल्या पावसात जाते. पांढऱ्या स्लीव्हच्या तुकड्यावर पर्मनंट मार्करने क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकासमोर उगम, स्विच, काम, अर्थ. नवीन वायर टाकताना मूळच्याच रंगाची टाकली, पट्टीची मिळाली नाही तिथे दोन्ही टोकांना पट्टीच्या रंगाची स्लीव्ह चढवली. काळी वायर फक्त अर्थसाठी वापरली. सगळं जोडून झाल्यावर बॅटरीपाशी पुन्हा बल्ब मालिकेत लावला आणि एकेक दिवा चालू करत गेलो. सगळं बंद केल्यावर तो बल्ब पूर्ण काळा राहिला, तेव्हाच जाड वायर बॅटरीला परत जोडली.

त्या वहीत आता 31 वायरींची नोंद आहे आणि ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, मग ती एमजी असो, हेराल्ड असो की आजोबांची अँबॅसडर, तर या हिवाळ्यात तिच्या निदान एका अनोळखी वायरीचा उगम शोधा आणि लिहून ठेवा. गाडी विकाल तेव्हा चावीबरोबर ती वहीही नव्या मालकाच्या हातात द्या.